सायकल कोठे संपते?

कायद्याच्या पुस्तकात व्याख्यांचे कलम प्रारंभीच येते, आणि बहुतेक वाचक तेच ओलांडून पुढे जातात. शासकीय सेवेतील तीन तपांनंतर माझे मत असे बनले आहे की, कायद्याचा खरा कस त्या कंटाळवाण्या कलमातच लागतो. कर कोणी भरायचा, परवाना कोणी काढायचा आणि अपघात झाल्यास भरपाई कोणाला मिळायची, हे सारे तेथेच ठरून गेलेले असते. प्रस्तुत लेखाचा विषय तसा क्षुल्लक वाटावा असा आहे. सायकलीला यंत्र बसविले, तर ती सायकल राहते की मोटार होते? या एका प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात शतकभरात निदान चार वेळा बदलले, आणि प्रत्येक बदलाची किंमत कोणी ना कोणी मोजली.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो, कारण आपले मोटार-कायदे त्याच रोपवाटिकेतले. तेथे १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविणे सक्तीचे केले होते. वेगमर्यादा गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार. हे बंधन १८९६ मध्ये सुटले. पुढे १९०३ च्या मोटार कार कायद्याने वाहन चालविण्यासाठी परवाना आणला. मोटार चालविणाऱ्यास सतरा वर्षे आणि मोटारसायकलवाल्यास चौदा वर्षे अशी वयाची अट त्यात होती. मौज अशी की, परवाना होता पण परीक्षा नव्हती. शुल्क भरले की परवाना हाती. चालकाची परीक्षा तेथे सक्तीची झाली ती थेट १९३५ मध्ये. म्हणजे परवाना हा मुळात कौशल्याचा दाखला नव्हताच. चालक कोण आहे, तो सापडावा कसा, याची ती नोंद होती. हा भेद ध्यानात ठेवला, तर पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

हिंदुस्थानात प्रथम प्रांतांनी आपापले नियम केले आणि नंतर १९१४ चा मोटार वाहन कायदा ब्रिटिश मुलखास लागू झाला. बेळगाव मुंबई इलाख्यात असल्याने येथे तो आला. शेजारची कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थाने, किंवा दूरची इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे ही मराठी राज्ये यांच्या हद्दीत तो आपोआप लागू होत नव्हता. गोव्यात तर पोर्तुगीज अंमल. त्यामुळे त्या काळी आपल्या या वाचकवर्गाचे पूर्वज चार निरनिराळ्या सत्तांच्या नियमांखाली रस्त्यावर वावरत होते. अर्थात मोटारी इतक्या थोड्या होत्या की, याची अडचण भासली असेल ती राजेरजवाडे, डॉक्टर आणि कंत्राटदार यांनाच.

सर्वसामान्यांचे वाहन सायकल. तिच्यावरही कायदा होता, पण तो नगरपालिकेचा आणि पोलिसांचा. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि पैसे भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत. रात्री दिवा हवा, ‘डबलसीट’ नको, हे नियम माझ्या पिढीतील प्रत्येकाच्या स्मरणात असतील. चौकात पोलीस दिसला की मागे बसलेल्याने टुणकन उडी मारून चालू लागायचे आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा बसायचे, हा तर शालेय शिक्षणाचाच भाग होता. हे बिल्ले आता कोणाच्या अडगळीत सापडले तर जपून ठेवावेत. नागरी इतिहासाची ती अस्सल साधने आहेत.

१ जुलै १९३९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अंमलात आला आणि पुढे अर्धशतक टिकला. त्याची मोटार वाहनाची व्याख्या ऐसपैस होती. रस्त्यावर वापरण्याजोगे, यांत्रिक शक्तीने चालणारे कोणतेही वाहन, मग ती शक्ती बाहेरून येवो की आतून, ते मोटार वाहन. रुळांवरून धावणारे आणि केवळ मालकाच्या आवारात वापरले जाणारे वाहन तेवढे वगळलेले. यंत्राच्या आकाराचा उल्लेख नव्हता. सायकलीला काडेपेटीएवढे इंजिन लावले तरी कायद्याच्या दृष्टीने ती मोटार. तिला नोंदणी, कर आणि परवाना हे सारे लागू. याच कायद्याच्या आठव्या प्रकरणाने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. ते प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अपघात-भरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. जखमी माणसाने दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवू नयेत, हा तिचा हेतू होता. माझ्या मते मोटार कायद्यातील सर्वांत दयाळू तरतूद हीच. आणि ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येवर तिचा सारा डोलारा उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात इंधनाची आणि पैशाची चणचण होती. लोकांनी जुन्याच सायकलींना छोटी इंजिने जोडली. इटलीत ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, या नावाचे इंजिन निघाले. फ्रान्समध्ये १९४६ मध्ये पुढच्या चाकावर इंजिन बसविलेली ‘सोलेक्स’ आणि १९४९ मध्ये ‘मोबिलेट’ आली. ‘मोटर’ आणि ‘पेडल’ या दोन शब्दांच्या संधीतून ‘मोपेड’ हा शब्द रूढ झाला. तेथील सरकारांनी या वाहनांसाठी मधली पायरी निर्माण केली. पन्नास सी.सी.पर्यंत इंजिन, मर्यादित वेग आणि त्या बदल्यात वयाची व परवान्याची सवलत. फ्रान्समध्ये चौदा वर्षांचा मुलगा दीर्घकाळ परवान्यावाचून अशी गाडी चालवू शके. जर्मनीत ताशी पंचवीस किलोमीटरच्या ‘मोफा’साठी पूर्ण परवाना नको, पण १९८० पासून नियमज्ञानाची एक चाचणी हवी, असा मध्यममार्ग निघाला.

इंग्लंडातील प्रसंग विशेष बोधक आहे. तेथे डिसेंबर १९७१ मध्ये मोटारसायकलीसाठी किमान वय सोळावरून सतरा केले. मोपेडसाठी सोळाच ठेवले. मोपेडची व्याख्या काय? पन्नास सी.सी.पर्यंतचे इंजिन आणि पायंडल मारून चालविता येण्याची सोय. वेगाचे बंधन नव्हते! कारखानदारांनी तत्काळ मोटारसायकलीसारख्या धावणाऱ्या पन्नास सी.सी.च्या गाड्यांना शोभेपुरती पायंडले बसविली आणि सोळा वर्षांच्या मुलांपुढे ठेवल्या. त्या पायंडलांनी ती गाडी शंभर पावले रेटून दाखवील असा मल्ल विरळाच. सरकारला शहाणपण सुचून १९७७ मध्ये व्याख्या बदलली. पायंडले गेली आणि ताशी तीस मैलांची वेगमर्यादा आली. व्याख्येत जे मोजले जाते तेच बाजारात घडविले जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे मोपेड आली ती याच सुमारास. फ्रेंच मोबिलेटच्या सहकार्याने तिरुपतीच्या कारखान्यातून ‘सुवेगा’ निघाली. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ बाजारात आणली आणि मराठी मध्यमवर्गाच्या जीवनात एक लहानशी क्रांती झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. १९८० मध्ये होसूरहून ‘टी.व्ही.एस. फिफ्टी’ आली, तिच्यावर मागे माणूस बसू शके. शिक्षिका, परिचारिका, टपाल कचेरीतील कारकून, विमा एजंट, दूधवाले, आमच्या भागात आजही ज्यांना तलाठी म्हणतात ते ग्रामलेखापाल, अशा सर्वांचा या गाड्यांनी दिवस लांबविला. मी सेवेत नवा असताना तालुक्याच्या गावी दोन बिऱ्हाडांत मिळून एक लूना असे. साहेबांनी जीपगाडी न दिल्यास तपासणीस जायचे ते तिच्यावरच. चढ आला की चालकाने पायंडल मारायचे आणि मागच्याने खाली उतरायचे. सायकलचा संस्कार असा सहजी सुटत नाही.

या गाडीकडे लोक सायकल म्हणून पाहत आणि कायदा तिला मोटार म्हणे. या दोन दृष्टींत अंतर होते. परवान्यासाठी आर.टी.ओ. कचेरीत जायचे, शिकाऊ परवाना घ्यायचा, पुढेमागे ‘एल’ अक्षर लावायचे, मग मैदानावर आठचा आकडा काढून दाखवायचा. ज्या गृहिणीने आयुष्यात कचेरीची पायरी चढली नव्हती, तिला लूनासाठी ती चढावी लागली. माझ्या परिचयातील कित्येक भगिनींच्या नावे पहिला शासकीय छायाचित्रयुक्त दस्तऐवज कोणता, तर मोपेडचा परवाना. मतदार ओळखपत्र पुष्कळ नंतर आले. इतिहासकारांनी स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा विचार करताना आर.टी.ओ.ची दप्तरेही चाळावीत, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता १९८८ च्या कायद्याकडे येऊ. तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. दोन अक्षरी राज्यचिन्हांच्या नव्या क्रमांकपट्ट्या त्याच दिवसापासूनच्या. आमचे बेळगाव के.ए. २२ झाले, कोल्हापूर एम.एच. ०९, इंदूर एम.पी. ०९, बडोदे जी.जे. ०६. सीमेवर राहणाऱ्यांना या पट्टीचे महत्त्व सांगावयास नको. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. मुलगी कोल्हापूरची, सासर बेळगावचे आणि माहेरहून आलेली मोपेड एम.एच.ची, अशा संसारात ना-हरकत दाखल्यासाठी जावयाने घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. गाडीच्या किमतीपेक्षा एस.टी.चे भाडे अधिक, असे एक गृहस्थ गंभीरपणे म्हणत असत.

या कायद्यात ‘मोपेड’ हा स्वतंत्र वर्ग नाही. दोन चाकांची मोटार ती मोटारसायकल, इतकेच. परवान्यात मात्र ‘गिअर नसलेली’ आणि ‘गिअर असलेली’ असे दोन प्रकार केले. वाहन चालविण्यास किमान वय अठरा. परंतु पन्नास सी.सी.पर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षानंतर चालविता येते. अठराच्या आतील व्यक्तीस गिअर नसलेल्या गाडीचा शिकाऊ परवाना द्यायचा, तर पालकाची लेखी संमती हवी. तरतूद समंजस होती. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलास हलके, मंद वाहन चालविता यावे. पालक जबाबदारीत असावा. दोन वर्षांनी त्याने मोठ्या गाडीकडे वळावे.

पण पुढे काय झाले? पन्नास सी.सी.च्या गाड्याच बाजारातून नाहीशा झाल्या. गिअर नसलेल्या स्कूटरी आल्या त्या सत्तर, नव्वद, शंभर, एकशेदहा सी.सी.च्या. टिकून राहिलेली मोपेडही शंभराच्या घरात गेली. सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने दार उघडे ठेवले, पण दारामागचे घर पाडले गेले. परिणाम शिकवणीच्या वर्गांबाहेर रोज दिसतो. मुले सर्रास शंभरावरच्या गाड्या चालवितात आणि पालक डोळेझाक करतात. १ सप्टेंबर २०१९ पासून दुरुस्ती अशी की, अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलास पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. शिक्षा कडक आहे आणि तिची गरजही आहे. तथापि कायदेशीर मार्ग कागदावर ठेवून व्यवहारात बंद होऊ द्यायचा आणि मग आडमार्गाची शिक्षा वाढवायची, ही रीत मला प्रशासक म्हणूनही पटत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट व्याख्येतील. १९८८ च्या व्याख्येने चारपेक्षा कमी चाकांची आणि पस्तीस सी.सी.पर्यंत इंजिन असलेली गाडी मोटार वाहनातून वगळली. ऐसपैस व्याख्येला प्रथमच मापाची खिडकी दिसू लागली. १४ नोव्हेंबर १९९४ पासून पस्तीसच्या जागी पंचवीस आले. म्हणजे तीस सी.सी.ची एखादी गाडी तेरा तारखेस मोटार नव्हती आणि चौदा तारखेस झाली. चालकाला ही सूट वरदान वाटते, कारण नोंदणी नको, परवाना नको, विमा नको. परंतु तिच्या धडकेने जो पडतो, त्याच्या बाजूने पाहा. वाहन ‘मोटार’ नाही, म्हणून सक्तीचा विमा नाही. आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात, चालकाच्या परवान्यात दोष असला तरी तिऱ्हाइतास विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग दृढ केला. हा दिलासा मोठाच. पण तो मिळायला मुळात विमा असावा लागतो.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला आहे, आणि या वेळी आवाज न करता. विजेच्या सायकलीला सी.सी. नसतात. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत २००५ मध्ये निराळे माप आले. मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन साठ किलोपर्यंत असेल, तर ते वाहन मोटार मानायचे नाही. पायंडल मारल्यावर साहाय्य करणाऱ्या सायकलीत ताशी पंचवीसच्या वेगापाशी, किंवा स्वाराने पायंडल थांबविताच, मोटर बंद पडली पाहिजे; ब्रेक हवेत, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक हवा. अडीचशे वॉट आणि पंचवीस किलोमीटर या दोन संख्या युरोपच्या २००२ च्या निर्देशातही आहेत. सूट मात्र आपोआप मिळत नाही. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने ते प्रमाणित केलेले असावे लागते. दुकानदार ही अट क्वचितच सांगतो. ‘लायसन नको, पासिंग नको’ एवढीच पाटी तो लावतो.

आणि येथे इंग्लंडातील शोभेच्या पायंडलांची पुनरावृत्ती होते. वेगाचा बांध तारेच्या एका जोडणीने फोडता येतो. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या विजेच्या दुचाकींविरुद्ध मोहीम काढली होती. आपल्या जुन्या सायकलीस पेट्रोलचे इंजिन किंवा मोठी मोटर बसविणारे हौशी कारागीरही आहेत. त्यांच्या कौशल्याचे मला कौतुक आहे, पण त्यांची अवस्था त्रिशंकूसारखी असते. मापाबाहेर गेल्याने गाडी कायद्याने मोटार ठरते आणि नमुना-मंजुरी नसल्याने तिची नोंदणी होणे जवळजवळ अशक्य. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. परवाना खिशात असला तरी त्याचा उपयोग नाही.

आमच्या शेजारच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकेस दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरताना अशीच एक निःशब्द गाडी मागून लागली. खुब्याचे हाड मोडले. गाडीवर क्रमांक नव्हता; मुलगा भला म्हणून थांबला. त्याच्या वडिलांनी दवाखान्याचा निम्मा खर्च दिला, उरलेल्यास हात जोडले. माझ्याकडे त्या बाईंचे चिरंजीव सल्ल्यास आले, तेव्हा मी कागद मागितले. विक्रीच्या पावतीवर फक्त ‘ई-सायकल’ असे लिहिलेले. शक्ती नाही, वेग नाही, प्रमाणपत्राचा क्रमांक नाही. ती सुटीतली सायकल होती की नोंदणी चुकविलेली मोटार, हेच ठरेना. सायकल मानली तर न्यायाधिकरण नाही, दिवाणी दावा लावायचा. मोटार मानली तर न्यायाधिकरण आहे, पण विमा नसल्याने वसुली त्या वडिलांकडूनच. भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन हाकण्याचा गुन्हा मात्र दोन्ही बाजूंनी लागतो. दंडसंहितेचे १८६० चे कलम २७९ कोणत्याही वाहनास आणि स्वारीस लागू होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणारे न्यायसंहितेचे कलम २८१ देखील. पण त्याने मुलास शिक्षा होईल. बाईंच्या औषधाचे पैसे त्यातून येत नाहीत. त्यांनी फिर्याद दिली नाही.

मोटारीने जखमी होणाऱ्यांसाठी या काळात तरतुदी वाढत गेल्या, हे येथे नोंदले पाहिजे. चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम १९८२ मध्ये मृत्यूस पंधरा हजार होती. १९८८ मध्ये पंचवीस हजार, १९९४ मध्ये पन्नास हजार आणि १ एप्रिल २०२२ पासून पाच लाख झाली. गंभीर दुखापतीस अडीच लाख. ठोकर मारून पळालेल्या वाहनाच्या बळींसाठीही त्याच दिवसापासून मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार मिळतात. ही सारी रक्कम ‘मोटार वाहन’ या दोन शब्दांच्या अलीकडे आहे. सुटीतली सायकल त्यांच्या पलीकडे.

माझ्या मते सूट काढून घेणे हा उपाय नव्हे. विजेची सायकल ही ज्येष्ठांना, विद्यार्थ्यांना आणि घरोघर माल पोचविणाऱ्या पोरांना परवडणारी वस्तू आहे. तिच्यावर आर.टी.ओ.चे ओझे लादणे म्हणजे पुन्हा लूनाच्या काळातील खेपा. पण परवाना आणि विमा या दोन गोष्टी कायद्याने एकत्र बांधल्या आहेत, त्या सुट्या करता येतील. परवाना नको, पण विक्रीच्या वेळीच एकरकमी तिऱ्हाईत-विमा आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक हवा. जुन्या नगरपालिकेच्या बिल्ल्याहून हे फार अवघड नाही. शिरस्त्राणाचेही तसेच. कलम १२९ मोटारसायकलीपुरते आहे. सुटीतल्या सायकलस्वारास ते बांधत नाही. नेदरलँड्सने ताशी पंचवीस किलोमीटरच्या हलक्या मोपेडवरही १ जानेवारी २०२३ पासून ते सक्तीचे केले. पुण्यातील हेल्मेटविरोधाचा इतिहास पाहता, आपल्याकडे या सूचनेचे स्वागत कसे होईल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली. तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटर असल्याने ती मापाबाहेरची, म्हणजे पूर्ण मोटार आहे. तिला हिरवी क्रमांकपट्टी, परवाना, विमा आणि शिरस्त्राण सारे लागते. दुकानात तिच्या शेजारीच विजेच्या सायकली उभ्या असतात. त्यांच्या पावतीवर शक्ती, वेग आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. तो कागद गाडीच्या किल्लीबरोबरच जपून ठेवावा.